उणे, पण अगदी थोडं

३ जानेवारी, सकाळ
संकल्प: माझी दोन चलांची बहुपदी शून्याच्या खाली कधीच जात नाही, हे या महिन्यात सिद्ध करायचंच. मार्ग सोपा. ती वर्गांची बेरीज म्हणून लिहून दाखवायची. वर्ग काही ऋण नसतो, मग बेरीज तरी ऋण कुठून होणार? हाच दाखला. दाखल्यावर पेपर, पेपरवर कायमची नोकरी. बायकोला परगावच्या कॉलेजची ऑफर आहे. तिला म्हटलं, कशाला जातेस, माझं इथलं पक्कं आहे. शंभर टक्के. ती नुसतं बरं म्हणाली.

११ जानेवारी
कॉम्प्युटरने वर्ग काढून दिले! मागे एक शेपूट उरलं: उणे, पॉइंटनंतर शून्यंच शून्यं, मग एक. राउंडिंग एरर, दुसरं काय. मशीनला बारीकसारीक कटकट करायची सवयच असते. सरळ शून्य लिहिलं.

१२ जानेवारी
शंकेखोर बाई टपकली. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता शेजारच्या टेबलावर बसते आणि त्याच जागेसाठी उभी आहे. म्हणाली, सर, दाखला तपासून देऊ का? आली नाक खुपसायला. गोड हसून नको म्हटलं.

१९ जानेवारी
खबरदारी म्हणून कॉम्प्युटरकडून बहुपदीत वाट्टेल त्या हजारो किमती घालून घेतल्या. सगळीकडे धन. एक, दोन असल्या शाळकरी किमती मी घालत बसत नाही.

२७ जानेवारी
उद्या मुलाखत. बायको कपाटं आवरतेय. माझ्या यशाने घराला शिस्त लागली म्हणायची.

२८ जानेवारी, दुपार
समितीतला म्हातारा प्रोफेसर. डुलक्या घेतोय असं वाटलं होतं. म्हणाला, दोन्ही चलं एक धरा. फळ्यावर धरली. पहिला वर्ग शून्य, दुसरा शून्य, सगळेच शून्य. हायसं वाटलं. मग म्हणाला, आता मूळ बहुपदीत घाला. घातली. उणे आलं. मी छाटलेलं ते शेपूट, तेवढंच. म्हणजे एरर नव्हतीच, बहुपदीच खाली जात होती. मी म्हटलं, एवढंसं तर आहे! कोणी हसलंसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३० जानेवारी
जागा शंकेखोर बाईला. अभिनंदन करायला गेलो नाही, काम होतं. काम कसलं, जळफळाट नुसता.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, माझं जमलं नाही, तू ती ऑफर घेऊन टाक.

ती म्हणाली, "कधीच घेतली. तू शंभर टक्के म्हणालास ना, त्याच दिवशी होकार कळवला."

मग मीही येतो, म्हटलं. तिने खोली एकटीपुरती बघितलीय.