पाण्याचा मुहूर्त

रा. रा. खुशालराव यांना राजापेठेच्या हरिहर गुरुजींचा, कॅनडाच्या समुद्रात डुलणाऱ्या टेबलावरून, सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी तेल चोळून दिलं की तुम्ही लगेच बांधावर पळता, तेवढं करू नका. तूर कशी आहे? आम्ही दोघं मजेत. कुंदाला इथली थंडी मानवली, मला तिचे दोन स्वेटर. फोनवरच बोललो असतो, पण तुमच्या अमोलचं नाव काढलं की तुमच्याकडची रेंज जाते (आणि विषय तुरीवर आला की परत येते), म्हणून हे पत्र. आमच्या लेकीची, जुईलीची मैत्रीण रश्मी अमरावतीला निघाली आहे, ती हातोहात आणून देईल.

निघताना तुम्ही मला काम सांगितलं होतंत, "गुरुजी, त्या पोट्ट्याले म्हणा, डोंगा विक अन् घरी ये." त्यानं तो डोंगा, म्हणजे ती नाव, विकत घेतल्यापासून तुम्ही त्याच्याशी एक शब्दही बोललेले नाहीत, हे वहिनींनी डोळे पुसत कुंदाला सांगितलं. मीही तावातावानंच निघालो. काळ्या मातीत वाढलेल्या पोरानं समुद्रात शिडाची नाव घालावी म्हणजे डोकं फिरलं, हे माझंही मत. आमची जुईली अमोलच्याच शहरात नोकरीला. तिनं रजा काढली आणि आम्ही चौघं नावेवर चढलो. (सुकाणू बहुतेक वेळ जुईलीच धरते. अमोल दोऱ्या ओढतो आणि तिचं ऐकतो.)

आता इथली भानगड ऐका. दोन बेटांच्या मधे एक चिंचोळी वाट आहे. भरतीला सगळा समुद्र त्या फटीतून आत घुसतो आणि ओहोटीला तिथूनच बाहेर पडतो. पूर आलेल्या तुमच्या भातकुलीच्या पेढी नदीसारखं पाणी, वर भोवरे. तिथे शिडाचं काही चालत नाही, आणि नावेचं इंजिन आपल्या मोटारपंपाएवढं. फक्त भरती संपून ओहोटी लागायच्या मधे पाणी जरा वेळ थांबतं, दम घेतं. तेवढ्यात पार व्हायचं. थोडक्यात काय, तर मुहूर्त! आणि मुहूर्ताच्या बाबतीत मला कोण शिकवणार?

अमोल म्हणाला, दहाला धक्क्यावरून निघू. मी मनात हसलो. अहो, जन्म गेला माझा यात. पत्रिकेत अकरा छापायचे, वरात बारापर्यंत नाचणार हे धरूनच चालायचं, आणि खरा मुहूर्त साडेबाराचा काढून ठेवायचा. (तुमच्या सीमाच्या लग्नात तर तुम्ही स्वतः बँडवाल्यासमोर नाचत होतात आणि मी आत अंतरपाट धरून घामाघूम.) आपल्याकडे सांगितलेली वेळ ही ताणण्यासाठीच असते. तेव्हा दहा म्हणजे अकरा, असा हिशोब करून मी धक्क्यावर निवांत अंघोळ केली, संध्या केली, मासे धरत बसलेल्या एका म्हाताऱ्याला हातवारे करून वऱ्हाडातलं ऊन समजावून सांगितलं. कुंदा दोनदा हाक मारून गेली. मी म्हटलं, अगं, मी ओळखतो ना हे सगळं!

नाव त्या फटीपाशी पोचली तेव्हा पाणी फिरून फटीकडे ओढ घेऊ लागलं होतं. फार नाही, नुकतंच. अमोलनं क्षणभर पाहिलं आणि जुईलीला म्हणाला, फिरव. माझं डोकंच सरकलं. उशिरा आलेल्या प्रत्येक नवरदेवाला "अजून चालतं" म्हणून पार पाडणारा मी! ओरडलो, घाल रे पुढे, भातकुलीचा असून भितोस काय? पोरगं आवाज न चढवता म्हणालं, "काका, तुमाले चालते. पाण्याले नाई चालत." तेवढ्यात बैलगाडीएवढा एक ओंडका आमच्या बाजूनं पुढे गेला, भोवऱ्यात सरळ उभा राहिला आणि गायब झाला. परत वर आलेला मला तरी दिसला नाही. मी खाली जाऊन गुपचूप बसलो.

मग नांगर टाकून पाणी पुन्हा दम घेईपर्यंत बसणं आलं. कुंदानं पिठलं टाकलं. मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. तर अमोल हसायला लागला. "काका, मले मालूम होतं तुमी उशिरा येसान. म्हणून अर्धा घंटा पयलेच सांगतला होता." म्हणजे पोरानं आपल्या हिशोबानं वेळ आधीची सांगितली आणि मी माझ्या हिशोबानं ती दुप्पट ताणली! जुईली हसून हसून पिठल्यात पडायची बाकी होती.

संध्याकाळी पाणी थांबलं. खरंच थांबलं हो, परातीत ओतून ठेवल्यासारखं. इंजिन जरा कुरकुरलं तसं अमोलनं नावेवर थाप मारली, "चाल रे चंद्र्या." खुशालराव, नावेचं नाव चंद्र्या आहे. बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत रंगवलंय. तुमचा तो पांढरा बैल, भर नांगरटीत बसणारा. आम्ही सुखरूप पार झालो आणि कुंदानं समुद्राला नारळ दिला.

तुमचं काम मात्र मी केलं नाही. डोंगा विक असं त्याला म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही. अंगावर ओरडणाऱ्या वडीलधाऱ्यासमोर जो नाव माघारी फिरवतो आणि त्याचा मान ठेवून फिरवतो, त्याचं डोकं फिरलेलं नसतं. मला तो फार आवडला.

कळावे, लोभ आहेच, तो तुरीपुरता ठेवू नये.
आपला, हरिहर

ता. क. तो आवडला हे मी उगीच लिहिलेलं नाही. जुईली आणि अमोल यांनी लग्न ठरवलं आहे. मुलीचा बाप म्हणून हात जोडून विचारतो, तुम्ही हो म्हणा. राजापेठेतल्या नातेवाइकांची तोंडं मी सांभाळतो. मुहूर्त मार्गशीर्षातला काढलाय आणि पत्रिकेत खरा तोच छापणार आहे. नाचायचं तर आदल्या दिवशी नाचा.

ता. क. २. येत्या रविवारी तुमच्या सकाळी आठला अमोल फोन करेल. आठ म्हणजे आठ. रेंज ठेवा.

भाऊजी, मी कुंदा. ह्यांनी खोड सोडलेली नाही, फोन साडेआठला येणार आहे. पण पोरगं त्याच्या कितीतरी आधीपासून फोन हातात धरून बसणार, हे मला दिसतंय. तेव्हा वाट पाहू नका, तुम्हीच लावा.