चिखलातून उठल्यावर

वाशी, नवी मुंबई
१४ एप्रिल १९८५

चि. नंदकुमार यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कोल्हापुरात शूटिंग जोरात आहे आणि पांढरा रस्सा तुला मानवलाय, हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. चारूची परीक्षा संपली. गणिताचा पेपर बरा गेला म्हणते, म्हणजे चांगला गेला असणार. उन्हाळा आत्ताच नकोसा झालाय. संध्याकाळी खाडीवरून वारा येतो, पण त्याच्याबरोबर वासही येतो.

आमच्या सोसायटीचे चेअरमन रावसाहेब यांनी तुला परस्पर आमंत्रण धाडलं, तेही कळलं. एक मेला खालच्या पटांगणात तुझा सत्कार, शाल-श्रीफळ आणि नंतर व्हिडिओवर तुझा सिनेमा. तू लिहितोस, "ताई, भाऊजींनाही स्टेजवर बसवू. खरे हीरो तेच." मी ते वाक्य वाचलं, पत्र बाजूला ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसले. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

हीरो कसे आहेत, ते मात्र तू विचारलं नाहीस. बरे आहेत. सध्या घरी नाहीत.

तुझा सिनेमा चालला याचं मला वाईट वाटत नाही, एवढं आधी सांगते. आमच्या बाहेरच्या खोलीत कॉटवर पालथा पडून तू पानंच्या पानं लिहायचास आणि निर्माते ती परत करायचे, ते दिवस मी पाहिलेत. हे कंपनीतून आले की चहाचा कप घेऊन तुझ्यापाशी बसायचे. नंदू, हा माणूस कुणापाशी बसत नाही. तुझ्यापाशी बसला. जे माझ्या सासूबाईंनाही कधी सांगितलं नाही, ते तुला सांगितलं.

काय सांगितलं ते तू विसरला असशील तर आठवण करून देते. ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या कंपनीत दिवसभर विषारी रसायनं तपासायची. घरी आल्यावर यांना वाटायचं, एखादा थेंब नखात राहिला असेल. तो चारूच्या ताटात जाईल आणि आपली पोर आपल्याच हातानं मरेल. म्हणून हात धुवायचे, कोपरापर्यंत. धुतल्यावर नळाला शिवायचं नाही, नळ मी बंद करायचा. मग गॅसचं बटण पाहायचं, मग झोपलेल्या चारूच्या नाकाशी हात धरायचा, मग पुन्हा नळ. हे सगळं खुळ्यासारखं आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. कळत असून थांबता येत नाही, हेच तर दुखणं.

सिनेमासाठी तू त्यातला नळ उचललास. कोपरापर्यंतचे हात उचललेस. नळ बंद करणारी बायको उचललीस, फक्त माझ्या जागी जाडजूड बाई उभी केलीस. चारूला तेवढी वगळलीस. तुझ्या साबणेमास्तरांना मूलच नाही! मग तो हात का धुतो? तर म्हणे स्वभावच चक्रम. नाणी उकळतो, सासूच्या पाटल्या साबणानं घासतो, आणि थिएटर पोट धरून हसतं. भीती काढून घेतली की उरतं ते विनोदीच असतं, हे तुला बरोबर कळलं. हुशार तू लहानपणापासूनच आहेस.

आणि तो शेवट. बैल उधळतो, साबणेमास्तर शेतातल्या चिखलात आपटतो, उठतो, हातांकडे बघतो आणि हसत सुटतो. त्याच हातांनी भाकरी खातो. गाणं, आणि समाप्त. जन्माचं दुखणं एका आपटीत गेलं.

आम्ही दोघांनी तो थिएटरात जाऊन पाहिला. परत येताना बसमध्ये हे म्हणाले, "नंदूनं शेवट फार चांगला केलाय गं." मला वाटलं, मोठ्या मनानं बोलताहेत.

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी गिळलं असतं. पण दिवाळीत तू त्या साप्ताहिकाला मुलाखत दिलीस: साबणेमास्तर माझ्या वाशीच्या मेहुण्यांवरून सुचले. नाव छापलं नाहीस हे तुझे उपकार. वाशीत तुझे मेहुणे कितीसे आहेत? आठ दिवसांत खालची मुलं यांना साबणेकाका म्हणायला लागली. सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणाला भाड्यानं व्हीसीआर आणला आणि तुझाच सिनेमा लावला. साबणे पडद्यावर नळाशी गेला की अख्खी सोसायटी माना वळवून यांच्याकडे बघायची. हे प्रसादाचा द्रोण मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसले. मी उठा म्हटलं तर म्हणाले, "थांब, शेवट बघू दे."

मागच्या कार्डात मी तुला लिहिलं होतं, की धुळवडीला हे घसरून पडले आणि हाताला थोडं लागलं. ते खरं नाही.

आमच्या इमारतीमागं खाडीपर्यंत मोकळी जागा आहे, तिथं लोक धुळवड खेळतात. मी वर मटणाचं वाटण वाटत होते. खालून रावसाहेबांनी हाक मारली, "वहिनी, गॅलरीत या! आज साबणेकाका बरे होणार!" मी गेले तर चौघांनी यांचे हातपाय धरले होते आणि झोके देत होते. बाकीचे तुझ्या सिनेमातलं गाणं म्हणत होते. दिलं टाकून खाडीच्या चिखलात. मी ओरडले तेव्हा रावसाहेब म्हणाले, "टेन्शन घेऊ नका हो. पिक्चरमध्ये बघितलंत ना? एकदा भीती मोडली की माणूस सुटतो."

हे उठून वर आले आणि न्हाणीघराची कडी लावली. दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडली नाही. आत कपड्याचा सोडा होता, फिनेल होतं, फरशी घासायचा तारेचा ब्रश होता. आणखी काय लिहू? गच्चीवरची टाकी रिकामी झाली तशी वरच्या मालतीबाई दारात आल्या, "वहिनी, पाण्याचं तेवढं बघा हो, आमच्याकडे थेंब नाही." आदल्या दिवशी त्यांचेच यजमान यांचा डावा हात धरून होते.

दार शेवटी वामननं फोडलं. वामन वाशीगावचा, आमच्या भागात सामानाचा टेम्पो चालवतो. त्याच टेम्पोत यांना ठाण्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. यांच्या हातांना चारूची चादर गुंडाळली होती. वाटेत मी रावसाहेबांना तोंडाला येईल ते बोलत होते. वामन गाडी हाकता हाकता म्हणाला, "वैनी, आमाला माफी करा, मी पन एक पाय धरला व्हता. पन रावसायबाला शिव्या नका देऊ. हे सोताच खाली आलं. बोल्लं, मला चिकलान टाका. आमी नाय बोल्लो, तं हात जोरलं. टाका वो, बोल्लं, एकदाच टाका."

माझा विश्वास बसेना. हॉस्पिटलात यांना शुद्ध आल्यावर मी विचारलं. म्हणाले, "नंदूला मी सगळं सांगितलं होतं. इतकं सगळं ऐकून त्यानं तो शेवट लिहिला. म्हणजे कुणा डॉक्टरला विचारूनच लिहिला असेल ना."

नंदू, या माणसाला तुझा राग आलाच नव्हता. त्याला वाटलं, तू त्याच्यासाठी औषध शोधून आणलंस.

अजून ते तिथंच आहेत. हातांची पट्टी रोज बदलतात, नवी कातडी धरायला लागली आहे. डॉक्टर भले आहेत. ते म्हणाले, याला मंत्रचळ म्हणतात, आजार आहे, गोळ्यांनी आणि धीरानं पुष्कळ कमी होतो, पण वेळ लागतो. हे ऐकून मी पहिल्यांदा रडले. घरात आता नळाचा आवाज नसतो, आणि तो नसल्यानं मला बरं वाटतं, याची मला फार लाज वाटते.

महिनाअखेर यांना घरी सोडतील. आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते ऐक. परवा मला जवळ बोलावून म्हणाले, "माझं कुठं चुकलं ते कळलं. साबणे उठल्यावर हसला. मला हसायला आलं नाही. घरी गेलो की पुन्हा एकदा करून बघू." मी सांगून पाहिलं, डॉक्टरांनी सांगून पाहिलं. म्हणतात, तुम्हाला सिनेमातलं काय कळतं, नंदूला माहीत आहे. खाली पटांगणात तुझा सत्कार चाललेला असेल, पडद्यावर तो चिखल असेल, आणि वर गॅलरीत हा माणूस असेल. खाली उतरायला त्याला किती वेळ लागणार?

तेव्हा एक मेला तू येऊ नकोस. ताप आला म्हण, शूटिंग आहे म्हण, कारणं रचणं हा तुझा धंदाच आहे.

आणि यांना पत्र लिही, उद्याच. मला नको, यांना. तुझ्या अक्षरात लिही, की शेवट मला सुचत नव्हता. निर्मात्याला हसतं गाणं हवं होतं, म्हणून मी चिखल घातला. कुणा डॉक्टरला विचारलं नाही. भाऊजी, असा माणूस चिखलातून उठला की हसत नाही, तो न्हाणीघराकडे जातो, आणि तुमचं काहीही चुकलेलं नाही. एवढंच लिही. त्यात विनोद करू नकोस आणि माझी क्षमाही मागू नकोस. ते फक्त तुझंच ऐकतील, हे माझं दुर्दैव.

ते पत्र आलं, की पुन्हा तुझी ताई होईन. आज नुसती,

वैजयंती