कुशीतली कळ

अंबाजोगाई, सरकारी दवाखाना
माघ, सोमवार

प्रिय सुंदर,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. वऱ्हांड्यात फरशीवर बसून लिहितेय. आधी एवढं वाच, तुझे दाजी जिवंत आहेत. आज वाटीभर पेज प्यायले.

यंदा आपल्या आष्टीकडं पेरलेलं उगवलंच नाही, म्हणून सगळं गाव दिवाळीआधीच ऊसतोडीला बाहेर पडलं. तुम्ही नगरकडच्या कारखान्यावर गेलात, आम्ही माजलगावकडं. इथं उसाला कालव्याचं पाणी, आमच्या पाचटाच्या कोप्यांना मात्र टँकर, तोही आला तर. आम्ही बायका दिवसभर पाणी पीतच नाही. उघड्या रानात जायचं कुठं? पण ह्यांचंही तेच. "मोळ्या भरल्यावर पितो," म्हणायचे आणि तोंडात तंबाखू धरून दुपार काढायचे.

मागच्या आठवड्यात ऊस तोडता तोडता हे खालीच बसले. उजव्या कुशीतून कळ निघायची ती थेट जांघेपर्यंत. पाचटात लोळत होते, ओकत होते. शेजारच्या कोपीतली साखराबाई म्हणाली, "वायगोळा हाय, ओवा दे." दिला. संध्याकाळी कळ थांबली, मला हायसं वाटलं. पण तिच्याबरोबर लघवीही थांबली होती आणि ते ह्यांनी मला सांगितलंच नाही. चेहरा सुजला तेव्हा मी खोदून विचारलं. खाली बघत म्हणाले, "मुक्ते, परवापासून थेंब न्हाई."

शेतकी ऑफिसातल्या राधाकिशनभाऊंनी कारखान्याची जीप मिळवून दिली. वाटेत ह्यांना उचकी लागली, आणि सुंदर, मला आई आठवली. आपल्या आईला अशीच लागली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा. तू लहान होतीस, तुला आठवायचं नाही. तिचंही तोंड असंच सुजलं होतं, तीही कुशीवर हात दाबून बसायची. आजी म्हणाली, कुणीतरी केलंय. लिंबं उतरवली, अंगारा लावला. उचकी थांबली तेव्हा आई गेली होती. जीपमध्ये मी ह्यांची उचकी ऐकत होते, आणि ती थांबली की जास्तच भ्यायचे.

डॉक्टरीणबाई कोवळ्या वयाच्या, पण करड्या. "लघवी कधीपासून बंद आहे?" परक्या माणसांपुढं तो शब्द माझ्या तोंडून निघेना. त्या म्हणाल्या, "बाई, लाज नंतर. आधी सांगा." मी सांगितलं. मशिनीवर पोटाचा फोटो काढला. डावं मूत्रपिंड जुन्या खड्यानं कधीच वाळून गेलेलं, कुणाला पत्ताच नाही. एका उजव्यावर माणूस चालला होता, आणि त्याच्याच नळीत बोराच्या बीएवढा खडा अडकलेला. "रक्तात विष चढतंय, लगेच कापावं लागेल," म्हणाल्या. हे आत गेले आणि मला देवाचं नावसुद्धा आठवेना. नुसती भिंतीला टेकून उभी राहिले.

बाहेर आणलं तेव्हा कुशीत नळी होती, खाली बाटली. बाटली कोरडी. मी तिच्याकडंच बघत बसले. मग लालसर थेंब आला, मग दुसरा, मग पिवळी धार लागली. हसशील, पण लघवी बघून मी पदरात तोंड घालून रडले.

धीर आल्यावर मी डॉक्टरीणबाईंना आईचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तीही बहुतेक खड्यानंच गेली असेल. हा आजार पुष्कळदा रक्ताच्या नात्यातही उतरतो. "तुम्हाला भाऊबहीण आहेत का?" मी म्हटलं, एक बहीण आहे, ठणठणीत आहे.

आणि काल तात्याबा ह्यांना भेटायला आले, तुमच्याच टोळीतून. मी सहज तुझी चौकशी केली. आधी दुसरंच बोलत राहिले. मग म्हणाले, "सुंदर लई वाळली. कुशीवर हात ठेवून वाकून चालती. लघवीला लाल होतंय, असं माझ्या बायकोला म्हणाली. तुला कळवू नको म्हणली." सुंदर, तोंड सुजलंय का गं तुझं? तात्याबा उद्या परत निघतायत, हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. सासूला विचारू नकोस, मुकादमाला विचारू नकोस. हातातला कोयता तिथंच ठेव आणि तात्याबांबरोबर निघून ये. कळ थांबली तर बरं वाटलं म्हणून राहू नकोस. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी असेन.

तुझीच,
मुक्ताअक्का