वीतभर साप

मंगळवार, ६ तारीख, सकाळ

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद.

सापांची शंभर नावं तुला पाठ, पण आजीच्या तोंडात चारच दात उरलेत हे काही तुझ्या डोक्यात राहत नाही. बिस्किटं पोचली. चहात बुडवली, वाट पाहिली, शेवटी चहाच संपला. बिस्किटं होती तशीच.

हे अक्षर वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांचं. जन्मभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून तेही तसंच लिहायला लागलेत. लागलं नाही तर औषधाच्या दुकानात ने. खोकल्याची बाटली मिळाली तर ठेवून घे.

मी बरी आहे. आपल्या पावाच्या भट्टीच्या जागेत सायकल दुरुस्तीवाला आलाय. तुझी आई गेल्यापासून घरात आवाज करायला मी आणि गळका नळ, दोघंच. नळ जास्त बोलतो.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. जगातला सगळ्यात जहाल साप म्हणे कुठल्याशा ओसाड रानात राहतो आणि माणूस दिसला की पळतो. मग पहिला नंबर कशाचा दिलात त्याला? उंदरांना टोचून थेंब मोजला, त्याचा! आणि माणसं मारण्यात पुढे कोण, तर फुरसं. वीतभर, मातकट, लाकडांच्या ढिगात माणसाच्या शेजाराला. पटलं मला. नात्यातही तेच. लांबच्या जहाल आत्याबाईंनी कुणाचं काय वाकडं केलं? त्याला जवळचेच लागतात.

पण पुढे तू लिहितेस, धोका नुसता विषावरून ठरत नाही, चावल्यावर माणूस किती वेळात दवाखान्यात पोचतो तेही धरावं लागतं. आणि शेवटी विचारतेस, बाबांना किती वेळ लागला होता?

तिसऱ्यांदा विचारलंस. दोनदा मी ‘आठवत नाही’ असं लिहायला सांगितलं. आठवतं गं. पण तेव्हा पत्रं तुझी आई लिहायची. तिच्या हातून हे कसं लिहवून घेणार होते?

तू सव्वा महिन्याची होतीस, आईबरोबर आजोळी. सकाळचे दहा वाजले असतील. तुझा बाप भट्टीसाठी ढिगातून लाकडं काढत होता, तो बोट धरून आत आला. “आई, फुरसं चावलं. दवाखान्यात जाऊन येऊ का?”

मी पाहिलं. दोन ठिपके, जराशी सूज.

“वीतभर किड्याला एवढा भितोस? पीठ फुगून वर आलंय. एवढी खेप काढ आणि मग जा.”

हसला. माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही तो. एक खेप काढली, दुसरीही काढली. संध्याकाळी हात कोपरापर्यंत सुजला, तर मी म्हटलं, उतरेल. दुसऱ्या दिवशी चूळ भरली ती लाल. तेव्हा नेला. दवाखाना चालत वीस मिनिटांवर होता.

तुझ्या कागदावर लिही, एक दिवस.

तुझ्या आईला मी सांगितलं, चावल्याबरोबर नेला, पण विषच फार जहाल होतं. तिने मानलं. मरेपर्यंत मानलं.

कंपाउंडर थांबलेत. अहो, लिहा. डोळे मग पुसा, शाई फुटेल.

फुरशाचा काय दोष? अंगावर हात पडला म्हणून चावलं. वेळ मी घालवला.

तू या कामाला लागलीस तेव्हा मी आकांत केला. तुला वाटलं, म्हातारी सापांना भिते. साप नाही गं. तू शिकशील आणि एक दिवस हेच विचारशील, त्याला भीत होते.

तुझं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं बळ माझ्यात नाही, म्हणून लिहू नकोस. त्या दिवसापासून मी पाव तोंडात घातलेला नाही. जमलं तर एक पाठव. नाही आला तर समजेन, टपालवाल्याशी भांडणार नाही.

खाली अंगठा उमटवते, तो माझाच.

तुझी आजी

पाव मऊ बघ. वाटेत शिळा झाला तरी चालेल.