सेल्युलोज गॉल्जीत बनत नाही

२ मे २००१, लातूर
चुकलं! माझ्याच नोट्समध्ये! पेशीभित्तिकेचं सेल्युलोज पेशीच्या आतल्या गॉल्जी पिशव्यांत बनतं, असं मी छापून बसलेय. गॉल्जीत पेक्टिन बनतं, बाई! सेल्युलोज बनतं थेट पेशीच्या पडद्यावर. धागे कोणत्या दिशेनं टाकायचे, ते पडद्याखालच्या सूक्ष्मनलिका ठरवतात. झोपेतही येतं हे मला — आणि तरी! एकशेऐंशी पोरं माझं अक्षर न् अक्षर पाठ करून राहिलीत. सीईटीला अकरा दिवस.

३ मे
क्लासचे मालक विरूपाक्ष सर — "कहकशां मॅडम, गप बसा. नोट्स चुकल्या म्हणल्यावर पुढच्या साली कोण येईल?" नाही बसले गप. फळ्यावर लिहिलं — मी चुकले, खोडा. पोरांनी पेनं काढून पानावर काट मारली.

४ मे
ज्यांनी वर्ग बुडवला त्यांच्या खोल्या पालथ्या घातल्या. ऊन मरणाचं. राहिली एकटी महामाया. बिलोलीला मावशीकडे गेलीय. भूकंपात घर गेलं तेव्हापासून तिथंच वाढली. आणि हीच पोरगी स्वल्पविरामासकट पाठ करते! घरी फोन नाही. मेडिकलचा नंबर एका मार्कानं हुकतो. माझ्यापायी हुकला तर? जेवण गेलं नाही.

६ मे
नांदेडला बस बदलून बिलोली गाठली. मावशी पारूबाई दारातच घाबरल्या — "पोरीनं काय केलं वो मॅडम?"
म्हणलं, तिनं नाही, मी केलं.
महामायानं ऐकून घेतलं. मग आतून पाठ्यपुस्तक आणलं. त्यात बरोबर छापलेलं खोडून पेनानं 'गॉल्जी' लिहिलेलं! "मला वाटलं पुस्तकच चुकलंय. तुमचं कसं चुकंल?"
या अल्ला! रागवावं की रडावं? रडलेच थोडी. मग सांगितलं — जुळलं नाही की विचारायचं. मलासुद्धा! मान खाली घालून "हाव" म्हणाली. परतताना नांदेडपर्यंत गाढ झोपले. किती दिवसांनी!

१३ मे
प्रश्न आला! महामायाचा एसटीडीवरून फोन — "पडदाच लिहिला, मॅडम." सुटले बाई एकदाची!

१७ मे
महामायाचं पोस्टकार्ड. "मॅडम, तुमच्या नोट्सचं पान एकतीसबी चुकलंय. लाकडाच्या पेशीत लिग्निन आधी नसतं, सेल्युलोजनंतर भरतं. पुस्तकाला हात लावला न्हाई. तुमचं खोडलं."
पान काढून पाहिलं. पोरीचं बरोबर आहे! निकालानंही एवढी खुशी व्हायची नाही मला.