रिकाम्या काट्याची पावती

८ डिसेंबर
पहिली नोकरी. रामटेकहून सकाळच्या एसटीने नागपुरात आले. कामठी रोडला गणपतरावांचा धरमकाटा आहे. ट्रक तोलायचा पोलादी पाटा, शेजारी केबिन, केबिनमध्ये संगणक आणि प्रिंटर. आवारभर संत्र्यांचा वास. गणपतरावांनी चहा पाजला. म्हणाले, नंदिनी, पावत्या नीट छापून दे, बाकी काही नको. माझ्याआधी हे काम करणारा गिरिधर न सांगता निघून गेला म्हणे.

९ डिसेंबर
गिरिधरचा पावत्यांचा प्रोग्राम वाचला. सुबक. गाडीचा नंबर डावीकडून, वजन उजवीकडून, रकाने सरळ. एकच खोट. काटा वजन नेमके पाठवतो आणि हा छापतो पूर्ण क्विंटल. छपाईच्या ओळीत दशांशस्थळे शून्य. मी शून्याचे दोन केले.

१० डिसेंबर
काटा रिकामा. पावती ०.४० क्विंटल, म्हणजे चाळीस किलो. नरखेडच्या ड्रायव्हरने विचारले, मॅडम, माही सासू बसून राहिली का काट्यावर? सगळे हसले, मीही. चाचणीला माहीत असलेले वजन हवे. माझे पन्नास किलो. पाट्यावर उभी राहिले. बाहेरच्या फलकावर ०.९०. उतरले. ०.००. सुटला प्रश्न.

चहावाली इंदूबाई धावत आली. काहून चढली वं पायी? गिरिधर कोणालेच चढू देत नव्हता. झाडूवाली सुमती, जेमतेम चाळीस किलोची, पाटा झाडत होती, ट्रक मागे आला, जागीच गेली. तेव्हापासून तो पावतीवर चिल्लर वजन छापत नव्हता.

११ डिसेंबर
माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या पायलची स्कूटर घेऊन परतले. मागचे चाक दबलेले. तिने खिडकीतून पाहिले. विचारत होती, मागे कोणाले आणलं वं? मी एकटीच होते.
औषधांच्या दुकानातल्या काट्यावर माझे वजन नव्वद.

१२ डिसेंबर
छाती जड. झोपले की गादी शेजारीही दबते. ओल्या धुळीचा वास —
दोनाचे पुन्हा शून्य केले. उपयोग नाही. सुमती काट्यावर होती तेव्हा झाकता आली. आता —
इंदूबाई म्हणते, जिथून उचलली तिथंच ठेव.

१३ डिसेंबर
पुन्हा दोन दशांश. पाट्यावर उभी राहिले. ०.९०. पाठ हलकी झाली. फार हलकी.
उतरले.
०.९०.
गणपतराव खिडकीतून ओरडले, खाली उतर पोरी, ट्रक येऊन राहिला. पाट्यावर अजून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून. आणि मी तर इथे, त्यांच्या शेजारी —
मी ओरडले. त्यांनी मान वळवली नाही.
ट्रक मागे येतो आहे. पेन दाबते आहे, तरी कागदावर काही उम