राखेतली मरळ

९ फेब्रु., सोम.
दुधना नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, खोदकाम चालू. आजपासून चाळणी माझ्याकडे. खड्डा ३ मधली राख पाण्यातून चाळली. मण्यांसारखे बारीक मणके निघाले. खोदकामाच्या प्रमुख मॅडम भिंगातून बघत राहिल्या. "मासा! अरे, हजारो वर्षांपूर्वीचं जेवण आहे हे."

१० फेब्रु.
डोक्याचं एकही हाड नाही. मॅडम म्हणाल्या, डोकी नदीवरच कापत असतील, घरी फक्त धड. मणक्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. त्यावरून मासा कोणत्या दिवसांत धरला तेही पुढे कळेल. उन्हाळा निघाला तर... नदी आटून डोह उरेपर्यंत ही माणसं थांबत होती. केवढी नजर, केवढा धीर! मला एस.टी.ची वाट बघवत नाही.

११ फेब्रु.
जेवताना टोपल्या वाहणारे किसनमामा सहज म्हणाले, "इतवारी आमी हितंच मरळ भाजून खाल्ती. लई झ्याक झाल्ती!"
"काटे कुठं टाकले?" मी विचारलं.
"आसतील तिकडंच, तीन नंबरच्या खड्ड्यात. तुला काय चाटायचे व्हते का?"
सगळे हसले.
"आणि डोकं?"
"मुंडकं रस्त्यातच कुत्र्याला घातलं."
डबा झाकला. माझ्या माशालाही डोकं नाही. म्हणजे माझे मणके...

१२ फेब्रु.
मॅडमना सांगितलं. मामांचं नाव घेतलं नाही. तर मामाच पुढे आले. "म्या खाल्ती, मॅडम. पोराला बोलू नगा."
मॅडम म्हणाल्या, शंका आहे तोवर खड्डा ३ मधला मासा अहवालात घेता येणार नाही. उद्या खोदकाम बंद होतंय. मणके पुन्हा तपासले. काहींच्या भोकांत माती घट्ट बसलेली, काही स्वच्छ. खात्री कशाचीच नाही.
खड्ड्याच्या कडेला जुनी सारवलेली जमीन आहे, कुठेच न फुटलेली. तिच्याखाली मणके निघाले तर ते मामांच्या माशाचे असूच शकत नाहीत.

१३ फेब्रु., शुक्र.
मॅडमनी परवानगी दिली. सारवण सुरीने उचललं. कुणीतरी हाताने सारवलेलं, बोटांच्या रेघा तशाच. खाली राख आहे.
राख भिजत घातली. मामा बादली घेऊन शेजारी बसलेत, जेवायलाही उठले नाहीत. "हालीव की आता," म्हणतात.
दोन ओळी लिहितो आणि चाळणी हलवतो.